शेवटच्या जागेवरची चियेको

चियेको हामासाकी पत्ते खेळायला बसली ती वयाच्या पासष्टाव्या वर्षी, आणि तीही गुडघ्यांमुळे. नवरा मिनोरू गेल्यावर तिने वेस्टर्न अव्हेन्यूवरची रोपवाटिका विकून टाकली. चाळीस वर्षं कुंड्या उचलून गुडघे झिजले होते. डॉक्टर म्हणाले, बसून करता येईल असं काहीतरी शोधा. विणकाम तिला कधीच आवडलं नव्हतं. घरापासून सहा गल्ल्यांवर ब्लू हेरॉन नावाचा पत्त्यांचा क्लब होता आणि तिथे दुपारचं सूप बाहेरच्यापेक्षा निम्म्या भावात मिळायचं. ती पहिल्यांदा तिथे गेली ती सूप प्यायलाच.

१९८७ साल संपत आलं होतं. लॉस एंजेलिसजवळच्या गार्डिनाच्या क्लबांमध्ये तोवर पाच पानांचा जुना पोकर चालायचा. त्या वर्षी टेक्सासचा खेळ कायद्यात बसला आणि वीस-वीस वर्षं खेळलेली जुनी खोडं एका दिवसात नवशिकी होऊन बसली. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलाच्या मध्ये सगळ्यांची मिळून पाच. बोली ठरलेली, आधी तीन डॉलरची, नंतर सहाची. त्यामुळे मोठी रक्कम पुढे ढकलून कुणाला पळवून लावता येत नसे. बरी पानं ठेवायची, वाईट टाकायची, एवढंच काम. पण टेबलाभोवती बसलेल्या नऊ जणांपैकी निम्म्यांना तेवढंही जमत नव्हतं. घरून तासभर गाडी हाकत आलेला माणूस पानं टाकायला आलेला नसतो.

चियेको सूप पिता पिता दोन आठवडे नुसती बघत राहिली. तिसऱ्या आठवड्यात खेळायला बसली आणि रोज हरू लागली.

त्या टेबलावर ऑर्विल स्टॅम नावाचा एक उंच, वाकलेला म्हातारा असायचा. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं लेथ चालवली होती. बायको कधीच सोडून गेलेली, मूलबाळ नाही. हा टेक्सासचा खेळ त्याने लष्करात असतानाच शिकून घेतला होता. तो तासातून एखाद-दुसऱ्यांदाच बोली वाढवायचा. बाकीचा वेळ पानं टाकायचा आणि लोकांकडे बघत बसायचा. एके दिवशी तो आपला ट्रे घेऊन चियेकोच्या समोर येऊन बसला.

"मिसेस हामासाकी, एक विचारू? राग नका मानू."

"विचारा."

"सकाळी तुम्ही राजा-गुलाम घेऊन आत आलात. का?"

"चित्रांची पानं होती. दोन्ही."

"तुमच्या आधी टोपीवाल्याने बोली वाढवली होती. त्याच्याकडे काय असेल, याचा विचार केलात?"

"मी माझी पानं बघितली, मिस्टर स्टॅम. त्याची कशी बघणार?"

ऑर्विल हसला नाही. खिशातून पत्त्यांचा जुना जोड काढून त्याने सूपच्या वाडग्यांमध्ये पानं मांडायला सुरुवात केली.

टेबलावर एक पांढरी चकती असते. दर डावाला ती एक जागा पुढे सरकते. चकतीच्या पुढच्या दोघांना पानं न बघताच थोडे पैसे लावावे लागतात, आणि चकती ज्याच्यासमोर असेल तो त्या दोघांखेरीज सगळ्यांच्या शेवटी बोलतो. म्हणजे बाकीच्यांनी काय केलं ते त्याला आधी कळतं. ऑर्विलच्या मते सगळा खेळ त्या चकतीत होता.

"चकती तुमच्यापुढे आली की आपली पानं नंतर बघायची," तो म्हणाला. "आधी लोक बघायचे. सगळ्यांनी पानं टाकली, तर उरले ते फक्त दोघं आणि त्यांनी काही न बघता पैसे लावलेत. मग तुमच्याकडे एखादा एक्का असला, कसलीही जोडी असली, राजा-दश्शी असली, तरी वाढवायची. निम्म्या वेळा ते दोघं सोडून देतात."

"आणि सगळे आत आले असतील तर?"

"पाच जण स्वस्तात आत आलेत, कुणी वाढवलेली नाही. अशा वेळी राजा-गुलाम दिसायला देखणे असतात, पण उपयोगाचे नसतात. किलवरची अठ्ठी-नव्वी बरी. दुर्र्यांची जोडी बरी. दहातून एकदा लागते. पण लागली की पाच जणांकडून वसूल होते."

"आणि पहिल्या जागेवरून, सगळ्यांच्या आधी बोलून, कुणी वाढवली असेल तर?"

"मग देखणी पानं टाकून द्यायची. एक्का-गुलाम असले तरी. त्याच्याकडेही एक्का असणार आणि त्याच्या जोडीला राणी नाहीतर राजा. तुमचा एक्का लागला तरी तुम्ही हरणार, आणि पूर्ण पैसे मोजून हरणार."

"कुणीही वाढवली तरी?"

आता मात्र ऑर्विल हसला. "हा प्रश्न सहा महिन्यांनी विचाराल असं वाटलं होतं मला."

ते सूप दोघांना रोजचं झालं. चियेको टेबलावर शिकायची आणि जेवताना तिची उजळणी व्हायची. पानं टाकणं तिला लवकर जमलं. रोपवाटिकेत तिने हजारो अशक्त रोपं उपटून फेकली होती, त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. माणसं ओळखणं मात्र हळूहळू आलं. कोण कंटाळला की वाढवतो, कोण बायकोशी भांडून आलाय, कोण नाकातून श्वास सोडतो, हे तिच्या डोक्यात साठत गेलं. दोन वर्षांत तिची गणना त्या टेबलावरच्या कठीण खेळाडूंमध्ये होऊ लागली. महिन्याअखेर ती थोडी वर असायची. मुलीला फोनवर ती ते सांगत नसे. पण त्या वर्षी तिने स्वतःसाठी नवे बूट घेतले आणि ते घालून मुद्दाम क्लबात आली.

भानगड झाली १९९०च्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी.

ऑर्विलने पहिल्या जागेवरून बोली वाढवली. पाच जणांनी पानं टाकली. चकती चियेकोसमोर होती. तिने पानांची कोपरी उचलून बघितली, ऑर्विलकडे बघितलं आणि पानं पुढे सरकवली. सरकवताना ती टेबलाच्या कडेला अडकून उलटली. बदामचा एक्का आणि इस्पिकचा गुलाम सगळ्यांसमोर पडले.

तिच्या डाव्या हाताला ड्यूई लाशान्स बसला होता. आडव्या बांध्याचा, मोठ्या आवाजाचा, पूर्वी ट्रक चालवणारा. न बघता पैसे लावायची पाळी त्याची होती.

"थांबा, थांबा," ड्यूई म्हणाला. "एक्का-गुलाम? चकतीवरून? चिये, चष्मा घरी विसरलीस काय?"

"दिसतंय मला."

"गुरुवारी मी वाढवली तेव्हा याच पानांवर तू माझ्यावर परत वाढवलीस! माझ्यावर! आणि हा लांबडा वाढवतो तेव्हा कशी गुमान टाकलीस?"

"त्यांची गोष्ट वेगळी."

"अगं, तेच म्हणतोय मी! वेगळी कशी? रोज एकत्र जेवता. आणि तो तरी तुझ्यावर कधी वाढवतो? दोन वर्षं बघतोय. माझे पैसे लावलेले असले की टपून बसतो, तुझे असले की देवमाणूस होतो." तो उठूनच उभा राहिला. "मॅनेजरला बोलवा. हे दोघं मिळून खेळतायत."

पोकरच्या टेबलावर यापेक्षा वाईट आरोप नाही. एकट्याने लबाडी करणाऱ्याला लोक शिव्या देऊन विसरतात. दोघं मिळून करणाऱ्यांचे फोटो क्लबाच्या मागच्या खोलीत लावले जातात.

ब्लू हेरॉनचा दिवसपाळीचा मॅनेजर आरा बेडरोसियन. टक्कल पडलेला, मऊ आवाजाचा, स्वतः पंधरा वर्षं पानं वाटलेला माणूस. चियेको आणि ऑर्विल, दोघांना त्याने आपल्या खोलीत यायला सांगितलं.

खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर कॅलेंडर. चियेको बेडरोसियनच्या समोर बसली आणि तिचे हात आपोआप मांडीवर एकावर एक गेले. अशी ती पूर्वी एकदाच बसली होती. १९४३ साली, युद्धात जपानी वंशाच्या लोकांना डांबून ठेवलं होतं त्या आर्कान्सामधल्या छावणीत, डांबरी कागदाच्या भिंतींच्या भोजनगृहात. ती तेव्हा एकवीस वर्षांची होती. टेबलापलीकडे एक तरुण अधिकारी आणि त्याच्यापुढे छापील प्रश्नांचा कागद होता. तिची या देशावर निष्ठा आहे का, जपानच्या सम्राटाला ती नाकारते का. जन्म लॉस एंजेलिसमधला. सम्राट तिने वर्तमानपत्रातल्या फोटोतसुद्धा नीट पाहिला नव्हता. तिने 'हो' म्हटलं आणि पुन्हा 'हो' म्हटलं. अधिकाऱ्याने मान वर न करता लिहून घेतलं. 'का' असं त्याने विचारलं नाही.

बेडरोसियनने खणातून पत्ते काढले.

"मिसेस हामासाकी, मी काही विचारणार नाही. पानं वाटतो. चकती तुमच्यासमोर आहे असं समजा. काय कराल ते सांगा."

त्याने दोन पानं सरकवली. चौकटची सत्ती-अठ्ठी. "चौघे आत आलेत, कुणी वाढवलेली नाही."

"आत येते."

"आता एकानेच वाढवलीय, बाकी सगळे गेले."

"टाकते. एकाकडून काय वसूल होणार?"

इस्पिकचा राजा, बदामची नव्वी. "कुणीच आलेलं नाही."

"मागे कोण बसलंय?"

बेडरोसियनने भुवई उचलली. "मागे मी आहे."

"तुम्ही सोडणारे दिसता. वाढवते."

असं वीस मिनिटं चाललं. तो पानं ठेवत गेला, माणसं बदलत गेला आणि ती उत्तर देत गेली. शेवटी त्याने मुद्दाम जोडातून बदामचा एक्का आणि इस्पिकचा गुलाम शोधून काढले.

"पहिल्या जागेवरून स्टॅमनी वाढवली."

"टाकते."

"ड्यूईने वाढवली."

"परत वाढवते."

"तीच पानं, तीच जागा."

"माणूस तो नाही ना!" चियेकोचा आवाज चढला. खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच. "ड्यूई जेवण झालं की राजा-सत्तीवर वाढवतो. समोरून कुणी टोमणा मारला की कशावरही वाढवतो. मिस्टर स्टॅम पहिल्या जागेवरून वाढवतात तेव्हा त्यांच्याकडे पानं असतातच. हे मला एकटीला माहीत नाही, बेडरोसियनसाहेब. टेबलावर सगळ्यांना दिसतं. मी तेवढं लक्षात ठेवते, इतकंच."

बेडरोसियनने पत्ते गोळा केले. "तुमच्याविषयी मला काही शंका नाही," तो म्हणाला. मग त्याने खुर्ची ऑर्विलकडे वळवली.

"आता तुम्ही, मिस्टर स्टॅम. चकती तुमच्यापुढे. सगळ्यांनी टाकली. न बघता पैसे लावलेत ते मिसेस हामासाकींनी." त्याने पानं ठेवली. एक्का-दश्शी.

"वाढवतो," ऑर्विल म्हणाला.

"खरंच?"

ऑर्विलने नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली.

"ड्यूईने आज पहिल्यांदा तक्रार केलेली नाही. दोन महिन्यांपूर्वीही माझ्याकडे आला होता. मी पानं वाटणाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगितलं. दोन महिन्यांत त्या जागेवरून तुम्ही बाकी सगळ्यांवर वाढवलीत. यांच्यावर एकदाही नाही. एक्कादेखील टाकून दिलात, जोडीसुद्धा टाकलीत, असं त्यांच्यातल्या दोघांनी पाहिलंय. अगदी एकदाही नाही, मिस्टर स्टॅम."

चियेकोने मान वळवून ऑर्विलकडे बघितलं. तो अजून कॅलेंडरकडेच बघत होता.

"यांना यातलं काही माहीत नव्हतं," ऑर्विल म्हणाला.

"ते दिसतंय. पण याला नियम आहे. कुणाला सांभाळून खेळणं म्हणजे बाकीच्या सात जणांचे पैसे खाणं. दोन आठवडे येऊ नका." बेडरोसियन उठला. "मिसेस हामासाकी, तुम्ही कधीही या."

बाहेर गाड्यांच्या रांगांवर दुपारचं ऊन पडलं होतं. ऑर्विल तिच्या मागोमाग आला. चियेको तिच्या जुन्या डॅटसनपाशी थांबली. पण तिने किल्ली काढली नाही.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून."

"म्हणजे दोन वर्षं. दोन वर्षं मला वाटत होतं मी शिकतेय."

"शिकलातच की. आत्ता आत तुम्ही काय उत्तरं दिलीत! मला नसती आली."

"मग माझ्याशी खेळला का नाहीत?"

ऑर्विलने टोपी काढली, पुन्हा घातली. "सुरुवातीला तुम्ही मंगळवारी हरलात की बुधवारी यायच्या नाहीत. दर वेळी तसंच व्हायचं. मला वाटलं, जास्त हरलात तर एक दिवस यायच्याच बंद व्हाल. मला... तुम्ही यायला हव्या होतात."

चियेकोने आता किल्ली काढली.

"बुधवारी मी मंदिरात फुलं रचायला जाते," ती म्हणाली. "अठरा वर्षं जातेय. जिंकले तरी जाते, हरले तरी जाते. सगळ्या दुनियेचे चेहरे वाचतोस आणि एवढं विचारता आलं नाही तुला, ऑर्विल?"

तिने त्याला नावाने हाक मारली ती त्या दिवशी पहिल्यांदा, आणि ती मायेने मारलेली नव्हती. त्याच्याकडे न बघता तिने गाडी काढली.

पुढचे दोन आठवडे ती रोज क्लबात गेली. बुधवार सोडून. ड्यूईच्याच टेबलावर बसली. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "चिये, तुझ्याविषयी चुकलो मी. लांबड्याविषयी नव्हतो चुकलो."

"कळलं. पानं बघ आपली."

"एवढा राग? अगं, त्याचा जीव आहे तुझ्यावर. माझ्या बायकोवर कुणी तीस वर्षांत एवढी मेहरबानी केली नाही. मीसुद्धा."

आजूबाजूचे हसले. चियेको हसली नाही. तिला लागत होतं ते वेगळंच. ती मनातल्या मनात मागचे डाव उकरत होती. ऑर्विलच्या चकतीसमोर तिने राखलेले छोटे छोटे पैसे, आपण थोपवून धरले असं तिला वाटलेले हल्ले, सगळं आता संशयास्पद झालं होतं. जिंकलेल्यातलं किती तिचं आणि किती त्याने सोडलेलं, हे कधीच कळणार नव्हतं. नवे बूट तिने कपाटात वर ठेवून दिले.

ऑर्विल परत आला तेव्हा स्वतःहून कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसला. जेवायच्या वेळी एकटाच सूप प्यायचा. हे एप्रिलपर्यंत चाललं. मग एका सोमवारी चियेको बेडरोसियनकडे गेली.

"मला स्टॅमच्या टेबलावर जागा हवीय."

"अडचण होईल, मिसेस हामासाकी."

"वाटणाऱ्याला लक्ष ठेवू दे. मीही ठेवणार आहे."

बेडरोसियनने जरा विचार करून तिचं नाव त्या टेबलाच्या फळ्यावर लिहिलं. ती ऑर्विलच्या डाव्या हाताला दुसऱ्या खुर्चीत बसली. तिथे चकती त्याच्यासमोर आली की न बघता पैसे लावायची पाळी नेमकी तिची यायची.

"नमस्कार," ऑर्विल म्हणाला.

"आज वाढवली नाहीस तर उठून जाईन. पुन्हा बोलणार नाही," ती म्हणाली.

तिसऱ्या फेरीत तसा डाव आला. सगळ्यांनी टाकली. ऑर्विलने पानं बघितली. तो बराच वेळ थांबला, इतका की वाटणाऱ्याने टेबलावर बोट वाजवलं. मग त्याने सहा डॉलरच्या चिप्स पुढे ठेवल्या. मधल्या माणसाने सोडून दिली. चियेकोकडे किलवरची राणी-दश्शी होती. तिने तीन डॉलर भरले. मध्ये राणी आली आणि तिने शेवटपर्यंत त्याची बोली भरली. ऑर्विलने राजांची जोडी उलटी केली आणि चिप्स आपल्याकडे ओढून घेतल्या. त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

"ठीक," चियेको म्हणाली आणि पुढच्या पानांची वाट बघू लागली.

त्या दिवशी ती एकशेदहा डॉलर हरली. दुपारी तिने आपला ट्रे त्याच्यासमोर ठेवला आणि दोघांनी कोबीच्या सूपविषयी तक्रार केली.

पुढची तीन वर्षं ते असे खेळले. मंगळवारी तो तिच्यावर वाढवायचा, शुक्रवारी ती त्याच्यावर. ती कधी थोडी वर राहिली, कधी थोडी खाली. बुधवारी ऑर्विल मंदिराच्या अंगणात बाकावर बसून वर्तमानपत्र वाचायचा. फुलांचं त्याला काही कळत नव्हतं, पण बादल्या भरून द्यायचा. लग्नाचं त्याने एकदा विचारलं. ती म्हणाली, एका घरात दोन म्हातारे गुडघे पुरे आहेत, आणखी दोन नकोत. त्याने पुन्हा विचारलं नाही. पण त्या उन्हाळ्यात तिने त्याच्या खिडकीत स्वतःच्या हाताने जिरेनियम लावून दिले.

१९९३ साली त्याची नजर गेली. पूर्ण नाही, पण टेबलाच्या मधली पानं दिसेनात. ड्यूई म्हणाला, "मी वाचून दाखवतो, बस." खरोखर तो महिनाभर प्रत्येक पान मोठ्याने म्हणून दाखवायचा, आणि त्यात एकदाही त्याने खोटं सांगितलं नाही. पण ऑर्विलला लोकांचे चेहरे दिसत नव्हते, आणि चेहऱ्यांशिवाय त्याला हा खेळ नको होता. त्याची धाकटी बहीण इर्मा टूसनला राहायची. ती येऊन त्याला घेऊन गेली.

पुढल्या वसंतात चियेको विमानाने त्याला भेटायला गेली. टूसन तिला आवडलं नाही. ऊन फार, माती दगडासारखी. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर इर्माने पत्ते आणि पैशांच्या जागी काडेपेट्या काढल्या. ऑर्विलसाठी मोठ्या अक्षरांचे पत्ते तिने मुद्दाम मागवले होते. तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले. इर्मा कुठलीच पानं टाकत नव्हती. तिर्री-सत्तीवर यायची, राणी-चौकीवर यायची, आणि दर वेळी विचारायची, "आता मी काय करायचं असतं?"

"टाकायची असतात," ऑर्विल म्हणाला.

"मग खेळायचं कधी?" इर्मा म्हणाली, आणि तिला दुर्र्या लागल्या, तीन.

दीड तासात तिने दोघांच्या सगळ्या काड्या जिंकल्या. चियेको आणि ऑर्विल रिकाम्या हातांनी तिच्याकडे बघत बसले. मग इर्माने काड्या पेट्यांत भरल्या, कॉफी ठेवली आणि चियेकोला विचारलं, परवाच्या विमानाला किती वाजता सोडायचं.